वहिनींचे ठिपके

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहणाऱ्या शिवणवाल्या बाईने हातातलं मासिक मिटलं. शेजारच्या नणंद-भावजयीचं बोलणंच जास्त रंगलं होतं.

"वहिनी, दादाची सरासरी साखर तर छान आली होती. मग तो दोनदा चक्कर येऊन पडला कसा?"

"तेच मला कळेना, वन्सं. सरासरीत चढही लपतो आणि उतारही. म्हणून साखर तपासायच्या यंत्रातले सगळे आकडे कॉम्प्युटरवर घेतले आणि आलेख काढला."

"या वयात कसला कॉम्प्युटरचा क्लास, म्हणून मीच हसले होते तुम्हाला."

"हसण्यासारखंच होतं! पहिल्यांदा नुसती रंगीत चकती निघाली. दिसायला देखणी, पण सांगेल काही तर शपथ!"

"मग?"

"मग तारखा बाजूला ठेवल्या आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे ठिपके मांडले. साखर घसरल्याचे सगळे ठिपके दुपारच्या जेवणाआधी एकाच जागी गोळा झाले, गुळाला मुंग्या लागाव्यात तसे."

"अगंबाई! म्हणजे सकाळची गोळी जास्त होत होती?"

"ते डॉक्टरांनी ओळखलं. मी फक्त चित्र पुढे ठेवलं. त्यांनी गोळी निम्मी केली, तेव्हापासून हे एकदाही पडले नाहीत."

"आणि मी घरोघर सांगत होते, वहिनींना कॉम्प्युटरचं खूळ लागलंय!"

इतक्यात नर्सने दार उघडलं.

"आतल्या काकांचा आलेख काढणाऱ्या बाई कोण? डॉक्टरांनी बोलावलंय."

वहिनी गडबडून पर्स आवरू लागल्या. त्यांच्या आधी नणंदच उठून उभी राहिली.

"ह्या काय, ह्या आमच्या वहिनी!"

शिवणवाल्या बाईने पाय आखडून वाट करून दिली.