निल्लासची शीळ

(डिसेंबर, संध्याकाळचे पाच. उत्तर नॉर्वेतल्या एका गोठलेल्या तलावाकाठी मोटरहोम उभं आहे. आत तिथल्या मूळच्या सामी जमातीतली दोघं भावंडं: जन्मभर रेनडिअर राखलेला निल्लास आणि त्याची धाकटी बहीण, निवृत्त नर्स सुन्ना.)

सुन्ना : तो पडदा सोड, दादा. एवढ्या मोठ्या खिडक्यांची गाडी घेतली, आणि तू एकेक झाकत सुटलायस.

निल्लास : बाहेर ते आलेत. हळू बोल.

सुन्ना : आकाशातला उत्तरेचा उजेड आहे तो, नॉर्दर्न लाइट्स. पलीकडच्या गाडीतले जर्मन बघ, खुर्च्या टाकून बसलेत.

निल्लास : बसू देत. त्यांचं कोणी गेलेलं नाही त्यात.

सुन्ना : एकदा वर बघ. त्रेपन्न वर्षांत बघितलं नाहीस.

निल्लास : मोजत होतीस वाटतं.

सुन्ना : हो.

निल्लास : कॉफी उतू जाईल. त्या पिशवीत सुकं मांस आहे, चार तुकडे टाक कॉफीत, आपल्याकडे टाकतात तसे. शहरात राहून तेवढं तरी विसरली नसशील.

सुन्ना : विषय बदलू नकोस. अकरा वर्षांचा होतास तू. पोरं शीळ घालतातच.

निल्लास : आपली नाही घालत. ह्या उजेडाखाली शीळ घातली की ते खाली येतात आणि माणूस घेऊन जातात, हे तुलासुद्धा माहीत होतं. तू आठ वर्षांची, माझी बाही ओढत होतीस. तरी मी घातली, तुला भिववायला. तिसऱ्या दिवशी बाबा बर्फगाडीसकट तलावात गेले.

सुन्ना : नोव्हेंबरचा बर्फ पातळ असतो.

निल्लास : मला सांगतेस? सगळा जन्म बर्फावर गेला माझा. डोक्याला कळतं गं ते. पण दफनाच्या दिवशी आईने सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, ह्याने बोलावलं त्यांना. त्याचं काय करू?

सुन्ना : तेच बोलायला तुला आणलंय. फिरायला येतोस का म्हटलं, ते खोटं होतं.

निल्लास : वाटलंच. तू कारणाशिवाय डिझेल जाळायची नाहीस.

सुन्ना : बाबा त्या दिवशी जायला तयार नव्हते. बर्फ अजून कच्चा आहे, आठवडाभर थांबू म्हणत होते. आईने हट्ट धरला. घरातली कॉफी संपली होती आणि तिचा भाऊ येणार होता. तिनेच पाठवलं त्यांना.

निल्लास : कोणी सांगितलं तुला?

सुन्ना : तिनेच. रडत होती. म्हणाली, सगळे मला दोष देतील ह्या भीतीने मी पोरावर ढकललं. निल्लासला सांग, त्याचा काही दोष नाही. मला माफ कर म्हणावं.

निल्लास : मला का नाही सांगितलं?

सुन्ना : तोंडाने बोलायला तिला जमेना. आपल्या घरात कोणाला जमलंय?

निल्लास : बरं. उशिरा का होईना, सांगितलं तिने. गेल्या वर्षी, जाण्याआधी, दवाखान्यात?

सुन्ना : नाही.

निल्लास : मग?

सुन्ना : मी वीस वर्षांची होते. सुट्टीत घरी आले होते तेव्हा.

निल्लास : वीस.

सुन्ना : ट्रोम्सोच्या जहाजदुरुस्तीच्या शाळेतून तुला प्रवेशाचं पत्र आलं होतं, ते मी पाहिलं होतं. उशीखाली ठेवायचास. जाऊ का नको करत होतास. तुला हे सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी गेला असतास. मग आईला आणि कळपाला कोण? मलाच परत बोलावलं असतं. मला नर्स व्हायचं होतं, दादा. मी गप्प बसले. आज सांगू, उद्या सांगू, असं करत जन्म गेला. मला लाज वाटते. शिव्या दे मला.

निल्लास : आईने पुन्हा विचारलं नाही तुला?

सुन्ना : विचारलं.

निल्लास : काय सांगितलंस?

सुन्ना : त्याला सांगितलं, असं म्हणाले मी.

निल्लास : आणि मी काय म्हणालो, म्हणून विचारलं असेल.

सुन्ना : हो.

निल्लास : बोल.

सुन्ना : काहीच बोलला नाही, म्हणाले.

निल्लास : म्हणजे ती माझ्या बोलण्याची वाट बघत राहिली. चाळीस वर्षं.

सुन्ना : दादा…

निल्लास : नळीचं हाड मलाच वाढायची, आणि मी पहिला घास घेईपर्यंत तोंडाकडे बघत बसायची. मला वाटायचं, मीठ बरोबर पडलंय का ते बघतेय. मी म्हणायचो, ठीक आहे.