डबा मी काढायला सांगितला

जबाब
दिनांक २६ ऑक्टोबर २००७, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

मी, फकिरा सावळीराम खोडे, वय ७१ वर्षे, धंदा फुलशेती, शिक्षण चौथी, राहणार मखमलाबाद शिवार, नाशिक. समक्ष वणी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून जबाब लिहून देतो की,

मी सात दिवस उशिरा आलो, त्याबद्दल पहिल्याने माफी मागतो. या गुन्ह्यात माझा भाचा भिका रामचंद्र विधाते, वय ३४, हा कोठडीत आहे. ट्रकचा डबा त्याने स्वतःच्या मर्जीने, भंगारात विकण्यासाठी काढला, असे माझा मुलगा महेश याने लिहून दिले आहे. ते खरे नाही. डबा मी काढायला सांगितला. एवढे आधी लिहून घ्यावे, मग बाकीचे सांगतो, कारण बोलता बोलता माझी वाट चुकते.

ट्रक माझ्या नावावर आहे. छोटा, पेट्रोलवर चालणारा, १९९९ साली घेतलेला. डिझेलची काजळी निशिगंधाच्या कळीवर बसते, म्हणून मी हट्टाने पेट्रोलचा घेतला. त्याच्या सायलेन्सरच्या पुढे एक लोखंडी डबा असतो. आत बारीक जाळी असते आणि ती इंजिनाच्या धुरातले विष कमी करते. हे मला आता समजले आहे. तेव्हा एवढेच माहीत होते की जाळी तुंबली आहे आणि गाडी चढाला ओढत नाही.

नवरात्रात आमच्या माळा देवीच्या गडाच्या पायथ्याला नांदुरीला जातात. घरी ओवलेली माळ तिथे पोचेपर्यंत मलूल होते, म्हणून बायका ट्रकच्या हौद्यात बसून चालत्या गाडीत माळा ओवतात. कळीला वारा लागू नये म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधतात. ही रीत मी घातली. आठ वर्षे त्यात कोणाला काही झाले नाही.

दिनांक १८ रोजी, गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास मी व भिका ट्रक घेऊन पेठ रस्त्यावर गोटीराम मिस्तरी यांच्या गॅरेजला गेलो. आदल्या दिवशी वणीच्या अलीकडे गाडी चढाला दोनदा बंद पडली होती. मिस्तरींनी खाली शिरून पाहिले व सांगितले की डबा गेला, नवा मुंबईहून मागवायचा तर आठ दिवस लागतील. दसरा तीन दिवसांवर होता.

मी म्हणालो, "मग काढून टाका. सरळ पाइप लावा."

मिस्तरी म्हणाले, "आबा, काढाया काय, अर्ध्या तासाचं काम हाय. पर पीयूसीला नापास व्हईल गाडी."

मी म्हणालो, "पीयूसीचा कागद नोव्हेंबरपर्यंतचा हाय. तवर नवा डबा येतो."

डबा काढताना मागचा पाइपही गंजून हातात आला. मिस्तरींनी जवळ होता तो तुकडा जोडला. त्याचे तोंड हौद्याच्या खाली, मधोमध राहिले. ते म्हणाले की गाडी रात्रभर ठेवा, उद्या लांब पाइप आणून मागच्या फाळक्याच्या बाहेर काढून देतो. भिका म्हणाला, "मामा, ठेवू गाडी. हौद्याच्या पत्र्याला भोकं पडल्यात. धूर आत येईल, अन् आत बायका असत्यात."

त्यावर मी त्याला चार लोकांत जे बोललो ते असे: "गाडी माझी हाय. तू फक्त चक्र फिरव. लय शाना झाला तर दुसरा डायवर बघतो." मिस्तरी म्हणाले, "आबा, दोन पोती तरी आंथरा त्या भोकांवर." पोती आम्ही अंथरली. सरळ पाइपाने गाडी येताना चांगली ओढत होती आणि मला आनंद झाला, हेही खरे आहे.

दिनांक १९ रोजी, शुक्रवारी, सकाळी साडेपाच वाजता आम्ही निघालो. हौद्यात माळा ओवायला दोघी होत्या. एक, मयत कुसाबाई रामचंद्र विधाते, वय ५८, ही माझी धाकटी बहीण व भिकाची आई. नवरा वारल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षे, ती माझ्याच घरी राहत होती. दुसरी, शेजारीण ठमाबाई. दोघींना नऊ दिवसांचे उपवास होते.

पुढे ड्रायव्हरशेजारी एकाच माणसाची जागा आहे. भिका आईला म्हणाला, "आई, आज तू पुढं बस." ती म्हणाली, "पुढं बसून काय तुझं तोंड बघू? दोनशे माळा कोण ओवील, तुझा मामा?" ठमाबाई म्हणाली, "त्याला सुईत दोरा घालायला लावा, मंग नांदुरी दिवाळीला येईल." सगळे हसले. भिकाने दुसऱ्यांदा सांगितले. तोपर्यंत मी पुढे चढून बसलो होतो. माझे गुडघे दुखतात. ताडपत्रीची दोरी भिकाने ढिली बांधली होती, ती मी निघण्याआधी ओढून घट्ट करायला लावली.

साधारण साडेसहाला दिंडोरीत चहाला थांबलो. कुसाबाई खाली उतरली नाही. मी ताडपत्री वर करून पाहिले. ती म्हणाली, "दादा, डोकं लय धरलंय. मळमळतंय." मी म्हणालो, "उपासाचं पित्त हाय. पोटात काय नाय तुझ्या." ठमाबाईलाही डोके जड वाटत होते, तिलाही उपवासच वाटला. मी टपरीवरून लिंबू आणून दिले आणि कुसाबाईला म्हणालो, "ओवायचं राहू दे, आडवी हो जरा. नांदुरी आली की उठवतो." ती खाली पोत्यावर आडवी झाली. ताडपत्री मी माझ्या हाताने खाली सोडली.

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, धुराचा वास मला आला नाही. हौद्यात अस्टर, झेंडू आणि निशिगंध भरलेला होता.

वणीच्या पुढे, साडेसातच्या सुमारास, मागच्या काचेवर थापा ऐकू आल्या. भिकाने गाडी बाजूला घेतली. ठमाबाई फाळक्याला धरून ओकत होती. तिला उपासातही तंबाखू सुटत नाही. थुंकायला ती सारखी ताडपत्रीची कड उचलत होती, त्यामुळे तिला हवा मिळाली असे डॉक्टर म्हणाले. कुसाबाई उठली नाही. तिचा चेहरा लालसर होता, म्हणून मला वाटले झोप लागली आहे. मी दोन वेळा हाक मारली. भिकाने आईला उचलून पुढे माझ्या जागेवर बसवले व गाडी दवाखान्याला वळवली. मी मागे ठमाबाईजवळ बसलो. ताडपत्री सोडून बाजूला केली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी कुसाबाईला तपासून मयत सांगितले. धुरातल्या वायूने झाले, आणि खाली आडवी असल्याने तिला जास्त लागला, असे त्यांनी मला सांगितले. मी त्यांना दोनदा विचारले होते.

त्याच संध्याकाळी अंत्यविधी झाला. शनिवारी पोलिसांनी भिकाला नेले. माझ्याकडे चौकशीला आले तेव्हा मला साखर वाढल्याने झोपवले होते. महेश म्हणाला की त्यांना बोलता येत नाही. मला बोलता येत होते.

ते गेल्यावर महेश मला म्हणाला, "आबा, तुमचं वय काय? कोठडीत तुम्ही दोन दिवस टिकणार नाही. भिका तरणा हाय, सुटेल दोन-चार महिन्यांत. आपण त्याच्या पोराबाळांचं बघू." मी म्हणालो, "त्याची आई गेली अन् वरून आळ त्याच्यावरच?" तो म्हणाला, "बोलून आत्या परत येणार हाय का?" मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. महेश वाईट नाही. बापासाठी त्याने केले. पण ते खोटे आहे.

मला लहानपणापासून पोलिसांची भीती वाटते. मंगळवारी मी एसटीने दिंडोरीपर्यंत आलो होतो. तिथे उतरून परत गेलो. गुरुवारी निघालो तेव्हा महेशने वाटेत गाठून घरी नेले. आज तो माल घेऊन बाजारात गेल्यावर निघालो.

काढलेला डबा विकलेला नाही. तो माझ्या गोठ्यात गव्हाणीखाली होता. दसऱ्यानंतर नमुना म्हणून मुंबईला दाखवायला लागेल, म्हणून मीच ठेवला होता. तो गोणीत घालून सोबत आणला आहे व साहेबांसमोर हजर करीत आहे. गोटीराम मिस्तरींना विचारावे. ते घाबरलेले आहेत, पण खोटे बोलणार नाहीत. त्यांनी मला धोका सांगितला होता आणि मी ऐकले नाही, हे त्यांच्या बाजूने लिहावे.

या जबाबाने माझ्यावर गुन्हा येईल हे साहेबांनी मला समजावून सांगितले. विचार करायला बाहेर बाकावर बसून या, असेही सांगितले. मी बसून आलो. मला पाणी दिले. माझे सांगणे तेच आहे. वय, साखर आणि गुडघे यांचा विचार करून यातले काही कमी करू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव होता तो न येण्याचा होता.

हवालदार साहेबांनी जबाब मला वाचून दाखवला. नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला, त्याला वेळ लागला. दोन ठिकाणी "घरच्यांच्या सांगण्यावरून" असे आले होते, ते खोडून "माझ्या सांगण्यावरून" असे करून घेतले आणि तिथे वेगळी सही केली. आता तो मी सांगितला तसा आहे.

शेवटी एक विनंती लिहून घ्यावी. परवा रविवारी रामकुंडावर कुसाबाईचा दहावा आहे. तिला भिका एकटाच मुलगा. मला ठेवून घ्यावे आणि त्याला सोडावे, किंवा पोलिसांबरोबर तासाभरासाठी आणून परत न्यावे. तो आला नाही तर भावाने पिंड ठेवला तरी चालतो, असे भटजी म्हणाले. मी ठेवणार नाही. काय ठरेल ते उद्या दिवस मावळायच्या आत ठमाबाईच्या घरच्या फोनवर कळवावे. आमच्या घरी कळवू नये, तिथे फोन महेश उचलतो. होय असो की नाही, पण कृपा करून लवकर कळवावे.

सही
फकिरा सावळीराम खोडे