मावशींची पिशवी आणि प्रकाशचं विमान

विमानाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आमच्या प्रकाशसारखा पायलट मी दुसरा पाहिला नाही. नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत ट्रॉयला होतो. त्याला नुकतं लायसन्स मिळालं होतं आणि नागपूरहून त्याची आई, म्हणजे आमच्या मावशी, आल्या होत्या. प्रकाश म्हणाला, "रविवारी छोटं विमान घेऊ. धावपट्टीला लागूनच एक रेस्टॉरंट आहे, पॅनकेक खाऊन परत येऊ." मी आणि बायको लगेच तयार.

विमानाशेजारी त्यानं घरचा वजनकाटा मांडला. मावशी पिशवीसकट काट्यावर चढल्या.

"आई, यात काय आहे?"

"थालीपिठं, दशम्या आणि लोणच्याची बरणी."

"अगं, आपण खायलाच चाललोय!"

"तिथलं नाही आवडलं तर?"

प्रकाशनं आकडेमोड केली. "पिशवी येणार नाही. वजन जास्त होतंय."

"एवढ्याशा लोणच्यानं विमान पडतं होय?"

मी मध्ये पडलो. "जाऊ दे ना यार, आई आहे तुझी."

"मग तू उतर."

पिशवी गाडीच्या डिकीत गेली. मावशी गाल फुगवून पुढे बसल्या. प्रकाशनं मात्र विमान असं अलगद उतरवलं, की चाकं टेकलेली कळलीसुद्धा नाहीत.

पॅनकेक खाताना मी विचारलं, "मावशी, भीती नाही वाटली?"

"आठवडाभर झोप नव्हती रे. पण या पोरानं जन्मात मला कधी नाही म्हटलं नव्हतं. आज विमानासाठी नाही म्हणाला, तेव्हाच माझी भीती गेली."