वासंतीबाईंचा डमी अर्ज

कडूबा : मारा भाऊ मले. पायातलं काढा अन् मारा.

सुधाकर : पायातलं कशाला काढू? मी या शहराचा माजी नगराध्यक्ष आहे. कडूबा, मी तुझा जाहीर निषेध करतो!

वासंती : झाला निषेध? आता दोघंबी चहा घ्या. निवून राह्यला.

सुधाकर : अवं, काल छाननीत माझा नगराध्यक्षपदाचा अर्ज बाद झाला अन् तुले चहाचं पडलं!

वासंती : मंग का पुरण टाकू?

सुधाकर : हा माझा सूचक! माझ्या अर्जावर सही केली यानं, 'मी यांचं नाव सुचवतो' म्हणून. अन् आदल्या दिवशी हीच सही माझ्याविरुद्ध उभ्या भागवतच्या अर्जावर! एका माणसाले एकच उमेदवार सुचवता येते. त्याचा अर्ज आधी आला, त्याचा राह्यला. माझा गेला.

कडूबा : ते माह्या वांग्याच्या वाफ्यात येऊन उभे राह्यले, भाऊ. दारी आलेल्या मानसाले नाई कसं म्हनाव?

सुधाकर : मंग मले तरी नाही म्हणायचं!

कडूबा : तुमाले? जीभ झडन माही.

वासंती : त्यानं जल्मात कोनाले नाई म्हटलं नाई. मांगच्या इलेक्शनले तीन पक्षांच्या टोप्या एकावर एक घालून हिंडला.

कडूबा : ऊन होतं वयनी.

सुधाकर : तीस वर्षांची कारकीर्द! एका वांगेवाल्यानं संपवली!

वासंती : कारकीर्द म्हनते बाप्पा. पयल्या टायमाले शिट्टी चिन्ह भेटलं. यायनं इतकी वाजवली, इतकी वाजवली, का आवाजच बसला. शेवटच्या सभेत भाषन शिट्टीवर केलं.

कडूबा : तेच भाषन चांगलं झालं होतं, वयनी. लोकायनं टाळ्या देल्ल्या.

सुधाकर : अन् निवडून आलो! हे नाही सांगत ती.

वासंती : आले ना. तव्हा नगरसेवकच नगराध्यक्ष निवडत, तं त्या टायमाले दोन्हीकडं बराबर मतं पडले. बालवाडीतल्या पोरीले चिठ्ठी काढाले लावली, तिनं यायची काढली.

सुधाकर : नियतीचा कौल होता तो.

वासंती : पोरगी रडून राह्यली होती. तिले घरी जायाची घाई. हातात आली ते चिठ्ठी तिनं देल्ली.

सुधाकर : सव्वा वर्ष शहराचा गाडा हाकला मी!

वासंती : अन् नगरसेवक फुटू नाई म्हनून त्याहिले चिखलदऱ्याले घेऊन गेले. थंडी मरनाची. आतापर्यंत एकमेकाचं तोंड न पाहनारे लोकं एका शेकोटीभवती बसले. तिथं त्याहिची दोस्ती झाली, अन् वापस येऊन यायच्यावरच अविश्वास ठराव आनला.

कडूबा : शेकोटीची लाकडं कोनाची होती?

सुधाकर : माझीच होती ना बे!

वासंती : अन् रोडरोलर?

सुधाकर : त्याचं नाव काढू नको.

वासंती : रोडरोलर चिन्ह भेटलं तं मिरवनुकीले खराखुरा रोडरोलर आनला, कडूबा. मांगं खामगावचा बँड. आठवडी बाजाराच्या तोंडाशी चिखलात फसला, तो ना मांगं ना पुढं. त्या दिवशी बाजारच भरला नाई.

कडूबा : माही मेथी सडली होती. तरी म्या मत देल्लं तुमाले.

सुधाकर : तू कोणाले दिलं नाही, ते सांग. डिपॉझिट जप्त झालं माझं. अन् आता भागवत बिनविरोध! मैदानात दोघंच होतो आम्ही.

कडूबा : बिनविरोध कसे? वयनीचा अर्ज हाय ना.

सुधाकर : तो डमी आहे. माझा अर्ज काही कारणानं बाद झालाच, तर हाताशी असावा म्हणून दर वेळी तिचा भरतो. मग वापस घेतो.

कडूबा : मंग तुमचा बाद झाला ना, भाऊ.

सुधाकर : झाला.

कडूबा : मंग?

वासंती : सांगा ना. मंग?

सुधाकर : मंग काय... चहा खरंच निवला.

कडूबा : भाऊ, एक निरोप बी हाय. भागवतभाऊनं देल्ला. मले नाई म्हनता आलं नाई.

सुधाकर : बोल!

कडूबा : तीन वाजेपर्यंत वयनीनं अर्ज मांगं घेतला, तं ते तुमाले स्वीकृत नगरसेवक करतीन. मतं मांगाले जायाचं काम नाई. डायरेक सभागृहात खुर्ची.

सुधाकर : स्वीकृत! अवं, ऐकलं का? वापस सभागृहात! किती वाजले?

वासंती : दोन वाजून राह्यले.

सुधाकर : मंग चाल की! पातळ बदलायचं का? नाही बदललं तरी चालते. सहीच करायची आहे.

वासंती : मी नाई येत.

सुधाकर : पाय दुखते का? रिक्षा बोलावतो.

वासंती : पाय नाई दुखत. मी अर्ज काढत नाई.

सुधाकर : ...काऊन?

वासंती : काल नगरपालिकेच्या भिंतीवर उमेदवारायची यादी लागली. मी वाचून आली. दर वेळी मी अर्ज भरते अन् काढते, तिथं लागलेलं नाव कव्हा पाह्यलंच नव्हतं. मांगून एक बाई म्हने, 'सरका ना मावशी, आमालेबी पाहू द्या.' मी काई सरकली नाई.

सुधाकर : नाव पाहायले छान वाटते. पण नगराध्यक्ष होऊन करशील काय?

वासंती : आठवडी बाजारात बायाइसाठी मुतारी बांधीन.

सुधाकर : मुतारी!

वासंती : सकाळपासून भाजी घेऊन बसते त्या. दिवसभर पानी पीत नाई. तुम्ही अध्यक्ष होते तव्हा सांगतलं होतं तुमाले.

सुधाकर : अन् मी विषयपत्रिकेवर घेतलं होतं!

वासंती : कितव्या नंबरावर?

सुधाकर : शेवटच्या.

वासंती : अन् सभा कव्हा संपे?

सुधाकर : त्याच्या आधी.

कडूबा : माही बायको तं बाजाराच्या दिशी चहाबी घेत नाई.

सुधाकर : तू गप रे. अवं, ऐक. माझं वय झालं. पुन्हा उभा राहतो का नाही, काय सांगाव? ती खुर्ची... एकदा बसलं ना तिच्यावर, की घरच्या खुर्चीत मन लागत नाही.

वासंती : मालूम हाय मले. तुम्ही झोपेत 'सभा तहकूब' म्हनता.

सुधाकर : म्हणतो?

वासंती : तुमाले सभागृहात जायाचं असन तं तसं बोला. जबरी कराची असन तरी बोला. पन सही माही हाय.

कडूबा : मी भागवतभाऊले काय सांगू? ते वाट पाहून राह्यले असतीन.

वासंती : नाई म्हनून सांग.

कडूबा : म्या?

वासंती : इथं म्हनून पाह्य. म्हन, नाई.

कडूबा : ना... नाश्ता झाला का, भागवतभाऊ?

वासंती : अरे माह्या देवा!

कडूबा : हसू नका वयनी. तोंडातच येत नाई.

सुधाकर : सरक. फोन आण इकडं. हसू नको तू बी, मलेही हसू येऊन राह्यलं. हॅलो... भागवतराव, मी सुधाकर. हाव, मिळाला निरोप. हाव, चहा झाला, निवलेला होता... नाही. नाही म्हणतो मी. माझा अर्ज गेला, बरोबर. पण तिचा आहे. डमी नाही, भागवतराव. उमेदवार आहे. ठेवतो.

कडूबा : भाऊ! फोन चहाच्या बशीत ठेवला तुमी.

सुधाकर : वय आहे ते.

वासंती : पक्कं ना? अजून टाइम हाय.

सुधाकर : पक्कं. आता तू चिन्ह माग. फक्त रोडरोलर मागू नको.

वासंती : बादली मागते. बायाइले ते चिन्ह समजवून सांगा लागत नाई.

कडूबा : वयनी, म्या प्रचाराले येऊ का?

वासंती : ये. पन टोपी एकच घाल.

सुधाकर : अवं, पण... पडलीस तं?

वासंती : तुम्ही पडत तव्हा मी का करत होती?

सुधाकर : काही नाही. दार सताड उघडं ठेवून ओट्यावर माझ्याजवळ बसायचीस. जिंकलेल्याची मिरवणूक पुढून जाईपर्यंत.

वासंती : मंग तेवढं करजा.