सात नंबरावरचा तात्याबा

ऐका. आन् ती शेकोटी जरा पुढं सारा, मागं कोण बसलंय ते मला दिसू द्या. भ्यायचं न्हाई. हैबती डगमगला न्हाई, म्हणून तर ही गोष्ट सांगायला उरली.

हैबती शेलार आपल्याच गावचा. वर पठारावर पवनचक्क्या हायेत न्हवं, तिथं राखणीला. जोडीदार तात्याबा, वरच्या पत्र्याच्या केबिनमधी. दोघांकडं एकेक वॉकीटॉकी. आता तो सेट कसा चालतो ते आधी ध्यानात घ्या, सगळी गोम त्यातच हाय. बाजूचं बटण दाबलं की आपण बोलायचं. पण दाबलेलं असेस्तोवर सेट बहिरा! पलीकडचं काई म्हंजी काई ऐकू येत न्हाई. बटण सोडलं, की मग ऐकायचं.

तर हैबती अंधार पडल्यावर तात्याबाचा डबा घेऊन निघाला. आई म्हणाली, "लांबनं जा रं." ऐकतोय कशाला! जवळची वाट धरली, भोकरकड्याच्या अंगानं. अर्ध्यात गेला आन् धुकं उतरलं. बॅटरी मारावी तर समोर नुसतं पांढरंफटक. गडी उभा राहिला. सेट काढला. "तात्या, वाट दिसंना."

लगेच आवाज आला. तात्याबाचाच! "हैबती, लई खरखर येतीया. चॅनल बदल, सात नंबराला ये."

बरं, सेटच्या बटणांना कुलूप असतंय, खिशात आपोआप दाबली जाऊ नयेत म्हणून. हैबतीनं कुलपाचं बटण दाबून धरलं, कुलूप निघालं. मेनू दाबला. यादीत पहिलंच नाव चॅनल. त्यांच्या नेहमीच्या दोनाचा सात केला, पुन्हा मेनू. झालं! आता वरनं खरा तात्याबा कितीबी ओरडू दे, ह्याला ऐकू येणार न्हाई. सात नंबर पठारावर कुणीच वापरत नव्हतं, बरं का!

"आता पडद्याचा उजेड बंद कर, सेटचं चार्जिंग उतरंल." केला बंद. "डाव्या हाताला वळ." वळला. "अजून." वळला. पायाखालचं गवत संपलं, खडक लागला. वारं खालनं वर यायला लागलं. खालनं! कळलं का?

हैबतीनं बटण दाबलं. "तात्या, हितं खडक कसा..."

"चाल की! आलंच केबिन!"

अरं, बटण दाबलेलंच होतं! अंगठा तसाच त्यावर. सेट बहिरा, आन् आवाज येतोय! म्हंजी तो सेटातनं येतच नव्हता. कानाशेजारनं येत होता.

पण गडी पक्का, जागचा हलला न्हाई. चकव्यानं, वाट चुकवणाऱ्या त्या भुतानं, वळखलं की डाव फसला. मग आईच्या आवाजात, "हैबत्या, पुढं ये रं, मी हितं हाय." मग हैबतीच्याच आवाजात, "पडतोय मी, धर मला!" स्वतःचाच आवाज! ए, मागं बघू नगंस, तिकडं कोण न्हाई.

हैबतीनं अंगठ्यानं बटणं चाचपली. आकडे दिसत नव्हते, पण पाचाच्या बटणावर बारीक टिंब असतं. सापडलं! त्याच्या बरोब्बर वर दोन. चकवा कानात बोंबलतोय, "आठ दाब! नऊ दाब!" ह्यानं दाबला मेनू, मग दोन, पुन्हा मेनू.

"हैबत्याऽऽ! कवाधरनं वरडतोय, कुठं मेलास?"

हैबतीनं बटण दाबलं. आवाज गप्प! सोडलं. शिव्या पुन्हा सुरू. इतक्या गोड शिव्या त्यानं जन्मात ऐकल्या नव्हत्या. ढसाढसा रडला.

"उभा ऱ्हाऊ नगंस, बस खाली," तात्याबा म्हणाला. "मी पत्रा बडवतो. त्या आवाजाकडं सरक."

धडाम धडाम पत्रा वाजतोय आन् हैबती बसल्या बसल्या सरकतोय. पोचला. डबा मातूर तिथंच राहिला. सकाळी दोघं बघायला गेले. डबा कड्याच्या अगदी काठावर. रिकामा. आन् घासूनपुसून ठेवलेला!

म्हणून सांगतो, भोकरकड्याची वाट धरू नका. कुणीबी बोलवू दे. आन् हातात सेट असंल तर आधी बटण दाबून बघा. आवाज थांबला, तर माणूस हाय. न्हाई थांबला, तर पाय उचलू नका.