दुसऱ्या भट्टीची ऊब

(फिनलंडमधल्या एका वीट कारखान्यातली सौना, म्हणजे वाफ घ्यायची गरम खोली. गुरुवार दुपार, बायकांची वेळ. तापलेल्या दगडांचा ढीग, शेजारी पाण्याची लाकडी बादली आणि पळी. वरच्या फळीवर रायली, खालच्या फळीवर तिची भाची ताइना.)

रायली: वर ये. खालच्या फळीवर काय बसलीस पाहुण्यासारखी?

ताइना: इथे बरं वाटतंय, मावशी.

रायली: बरं वाटतंय म्हणे! खाली पाय गार राहतात. लहान होतीस तेव्हा माझ्या मांडीला मांडी लावून इथे वर बसायचीस, आणि उतर म्हटलं की भोकाड पसरायचीस. शिकून आलीस आणि नाजूक झालीस.

ताइना: मावशी, मला तुझ्याशी बोलायचंय. सोमवारच्या बैठकीत...

रायली: ए! सौनात कामाचं बोलायचं नाही.

ताइना: आज बोलावं लागेल.

रायली: काही लागत नाही. इथे मालक काय, विटा उचलणारी काय, सगळ्या सारख्याच उघड्या. म्हणून इथे काम काढायचं नाही. तुझी आजी सांगायची, मी सांगते. बाहेर कॉफीला बसलो की बोल.

ताइना: बाहेर सगळ्याजणी असतील.

रायली: म्हणजे गुपित आहे? लग्नबिग्न ठरवलंस की काय?

ताइना: नाही गं.

रायली: मग तोंड असं का केलंयस? दे ती पळी इकडे. पाणी टाकते, वाफेनं खुलेल जरा. हं... बघ. बघ कशी मऊ येतेय. माझ्या जावेकडे विजेची शेगडी आहे, तिची वाफ अंगाला टोचते. ही आपल्या दुसऱ्या भट्टीची ऊब. विटा भाजून उरलेली. तुमच्या त्या तक्त्यांत काय म्हणता गं हिला?

ताइना: वाया जाणारी उष्णता.

रायली: वाया! तीस वर्षं माझी कंबर शेकलीय हिनं. कारखान्याची वीज आणि गॅस कुठे जातो ते बघायला तुला ठेवलंय ना? मग लिही, रायलीच्या कमरेत जातो.

मार्यूत: अगं बाई, इथेच आहात होय! मी आख्खा कारखाना पालथा घातला...

रायली: दार! दार लाव आधी, ऊब जातेय!

मार्यूत: लावलं, लावलं! जानेवारीपासून ही नुसती दाराची पोलीस झालीय. आणि मी काही कमी नाही हं. काल माझा नवरा पेंटी फ्रिज उघडून उभा राहिला, तर मी स्वयंपाकघरातून ओरडले, "दार लाव, ऊब जातेय!" तो हसून हसून खाली पडायचा राहिला. हे सगळं तुझ्यामुळे, ताइना. गॅस वाचवायचं खूळ तू घातलंस आमच्या डोक्यात.

ताइना: हो.

रायली: कशाला शोधत होतीस ते सांग.

मार्यूत: कँटीनच्या इर्मेलीनं पाठवलंय. सोमवारी केक-कॉफी आहे, आख्ख्या कारखान्याला. आणि केकवर नाव कुणाचं, ओळख बघू.

रायली: लाऊरिलाचं असेल. डायरेक्टर झाल्यापासून दर वर्षी स्वतःचाच वाढदिवस करतो.

मार्यूत: तुझं! मलईनं लिहायचंय, "रायली, आभार". वर्षातली सगळ्यात चांगली सूचना म्हणून. विटा आडव्या न ठेवता उभ्या रचायच्या, ती तुझी युक्ती!

रायली: काहीतरीच काय. केक कशाला त्याला? मला नाही जमायचं बाई, सगळ्यांसमोर उभं राहायला.

मार्यूत: जमेल. मी पहिल्या रांगेत उभी राहून हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवीन. दुसऱ्या भट्टीचं नाव झालं, रायली! आता कुणाची छाती आहे आपल्याला हात लावायची? मी पेंटीलाही तेच म्हटलं. कागद गिरणी बंद पडल्यापासून घरी बसून बिचारा इतका भित्रा झालाय! म्हटलं, माझी भट्टी पक्की आहे, तू तळ्याकाठच्या घराचा पाया भरून घे.

रायली: भरला?

मार्यूत: भरला की. आपल्याच टाकाऊ विटांनी. बरं, इर्मेली खोळंबलीय. केक स्ट्रॉबेरीचा करू की दलदलीतल्या पिवळ्या बेरीचा?

रायली: मला काय विचारता, करा कसलाही.

मार्यूत: असं नाही, तुझाच मान आहे. ठरव तोवर. मी अंग धुऊन येते.

रायली: दार!

मार्यूत: लावतेय गं!

रायली: वेडी आहे. पण हिच्यासारखी झटपट काम हातावेगळं करणारी बाई अख्ख्या कारखान्यात नाही... ताइना? अगं, रडतेस काय?

ताइना: घाम आहे.

रायली: घाम डोळ्यांतून येत नाही. काय झालंय?

ताइना: सौनात कामाचं...

रायली: बोल म्हटलं ना.

ताइना: दुसरी भट्टी बंद होतेय.

रायली: दुरुस्तीला?

ताइना: कायमची. सोमवारी सांगणार आहेत. केक कापून झाला की.

रायली: धर ही पळी.

ताइना: मावशी, मी मघापासून सांगायला बघत होते.

रायली: जानेवारीत कँटीनमध्ये खुर्चीवर उभी राहून तू काय म्हणालीस? सांग. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

ताइना: गॅस वाचला तर भट्ट्या वाचतील.

रायली: भट्ट्या म्हणालीस. भट्टी नाही. त्या शब्दावर आम्ही स्वेटर घालून कामं केली. हवेच्या नळ्यांना कान लावून लावून गळती शोधली. जेवायला जाताना विटा वाहणारे पट्टे बंद केले. मार्यूतनं जुन्या गोधड्या शिवून मोठ्या दाराला पडदा लावला, घरच्या गोधड्या! आणि त्या विटा...

ताइना: त्या तू सांगितल्यास. उभ्या रचायच्या, मध्ये बोटभर फट ठेवायची. भट्टीत जाणाऱ्या गाड्यावर दीडपट माल बसायला लागला, तेवढ्याच गॅसमध्ये.

रायली: मग? वाचला ना गॅस?

ताइना: फार वाचला. मी हिशेब मांडून बघितला. तशी रचाई केली तर आलेल्या सगळ्या ऑर्डरी एकट्या पहिल्या भट्टीत भाजून होतात. दुसरीची गरजच उरत नाही.

रायली: हे लाऊरिलाला कुणी सांगितलं?

ताइना: मी. अहवालाच्या शेवटी, एका वाक्यात.

रायली: त्यानं विचारलं होतं?

ताइना: नाही.

रायली: मग कशाला लिहिलंस?

ताइना: खरं होतं म्हणून.

रायली: अरे देवा.

ताइना: शेजारच्या कोइवूच्या कुंपणातल्या बेरी मी चोरून खाल्ल्या होत्या, तेव्हा तू मला हाताला धरून त्यांच्या दारात नेऊन उभं केलंस. कुणी विचारलं होतं का तेव्हा? कुणाला पत्ताही नव्हता.

रायली: बेरी आणि भट्टी एकच का गं?

ताइना: नाही. आता कळतंय. मला वाटलं होतं, दोन्ही भट्ट्या आळीपाळीनं चालवतील, कुणाला काढायची वेळ येणार नाही. तेही लिहिलं होतं मी त्याखाली. तेवढं त्यांनी वाचलं नाही.

रायली: वाचलं असणार. सोयीचं नव्हतं.

ताइना: हो.

रायली: कोण कोण जाणार?

ताइना: दुसऱ्या भट्टीवरचे सगळे.

रायली: मार्यूत?

ताइना: हो.

रायली: तिनं पाया भरलाय गं. आत्ता सांगून गेली. बरं. ती, बाकीच्या, आणि मी.

ताइना: तू नाहीस.

रायली: काय म्हणालीस?

ताइना: तुला पहिल्या भट्टीवर घेताहेत, तिथल्या लोकांना रचाई शिकवायला. सूचना तुझ्या नावावर आहे म्हणून.

रायली: माझं नाव दिलं कुणी?

ताइना: मी दिलं. तुमच्या युक्त्या नेहमी वरच्या कुणाच्या तरी नावावर जातात. म्हटलं, या वेळी तरी तुझं नाव लागू दे. चांगल्यासाठी दिलं, मावशी. भट्टीचं तेव्हा काहीच ठरलं नव्हतं.

रायली: म्हणजे माझ्या युक्तीनं मार्यूतच्या पोटावर पाय येणार, मी केक कापणार, आणि ती पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणार.

ताइना: असं नको ना बोलू.

रायली: कसं बोलू मग? दुसरं कसं बोलता येतं का ते, तूच सांग. शिकलीस ना तू? नाव काढ माझं.

ताइना: काढलं तर तुझी जागाही जाईल.

रायली: जाऊ दे.

ताइना: आणि करशील काय? निवृत्तीला वर्षं आहेत अजून. या गावात दुसरं काम आहे कुठे?

रायली: नसू दे. मला दुकानात, चर्चमध्ये, स्मशानात सगळीकडे याच बायका भेटणार आहेत. तू संध्याकाळी गाडीत बसून शहरात निघून जातेस.

ताइना: मग माझं नाव घालते. सूचना माझी होती म्हणून सांगते. शिव्या द्यायच्या त्या मला देऊ देत.

रायली: तुझी होती?

ताइना: नाही.

रायली: मग नको. बेरी मी खायच्या आणि कोइवूच्या दारात तू उभं राहायचं? युक्ती माझी आहे, ती माझीच राहील. पण तुझ्या हातात नक्की आहे तरी काय?

ताइना: एक वाक्य होतं. ते लिहून झालं.

रायली: मग दुसरं सांग. माझ्या जागी मार्यूतला घ्या म्हणावं. रचाई तिला येते, हातही माझ्यापेक्षा जलद चालतात.

ताइना: ऐकतील असं वाटत नाही मला.

रायली: ऐकतील न ऐकतील. उद्या जाऊन सांग, आणि मोठ्यानं सांग. कागदाच्या तळाला नको.

ताइना: सांगते.

रायली: भट्टी गेली की ही सौनाही जाणार.

ताइना: विजेची शेगडी बसवू म्हणालेत.

रायली: बसवू देत. टोचून घेऊ... ताइना, मला तुझा राग आलाय. सांगून ठेवते.

ताइना: माहीत आहे.

रायली: नाही माहीत तुला. किती आलाय ते मलाच अजून कळलेलं नाही. रविवारी जेवायला मात्र ये. सूप करणार आहे.

ताइना: मावशी, सोमवारपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे.

रायली: तुला आहे. मला कुणी दिलेली नाही.

ताइना: मी तुला सांगितलं हे कळलं तर माझंही काही खरं नाही.

रायली: भीती वाटते?

ताइना: वाटते. खूप.

रायली: नाही म्हणाली असतीस तर आत्ता बाहेर काढलं असतं तुला. आता सांग. तिनं हे सोमवारी केक खाताना ऐकायचं, की आज माझ्याकडून?

ताइना: तुझ्याकडून. सांग तिला.

रायली: इथे वर येऊन बस आधी. मला एकटीनं नाही सांगता येणार.

मार्यूत: झालं बाई अंग धुऊन! सरका, सरका. अगोबाई, ताइना वर चढली की! इर्मेली बाहेर उभीच आहे अजून. काय सांगू तिला, स्ट्रॉबेरी की पिवळी बेरी?

रायली: केक नको म्हणावं.

मार्यूत: नको कसा? लाजतेस काय एवढी? नाव तुझं असलं तरी केक आमचा आहे!

रायली: मार्यूत, माझ्या शेजारी येऊन बस. कामाचं बोलायचंय.

मार्यूत: इथे? सौनात कामाचं बोलायचं नाही हे तूच म्हणतेस ना? लाऊरिलाच्या बायकोलासुद्धा गप्प केलं होतंस.

रायली: आज बोलायचं.

मार्यूत: काय झालं? ताइना, डोळे का लाल तुझे? रायली, घरून फोन आला का? पेंटीला काही...

रायली: पेंटी बरा आहे. तू दार लाव आधी, मार्यूत. ऊब जातेय.