आधी बातमी, मग डोंगर

नाही, मला एक सांगा, कार्यक्रम व्हायच्या आधी बातमी लिहून ठेवणं हा काय गुन्हा आहे? अहो, पुढारी भाषणाला उभा राहायच्या आत त्याचं भाषण आमच्याकडं लावून तयार असतं! रविवारचं पान शनिवारी सुटतं, त्याला मी काय करू? तुम्हाला सांगतो, आयुष्य गेलं वार्ताहरकीत, पण माझ्या बातमीचा खुलासा एकदाही छापावा लागलेला नाही. तहसीलदार आले, नगरसेवक आले, टेबल आपटून गेले... खुलासा नाही म्हणजे नाही!

तर कन्नड गावचा एक ग्रुप आहे, दर रविवारी आसपासच्या डोंगरांवर चालायला जाणारा. त्यांचा म्होरक्या गोकुळ, शाळेत भूगोल शिकवतो. तो आला संभाजीनगरला माझ्या घरी. "सर, या रविवारी घोडेकपारीचा डोंगर. सोपी वाट आहे. माथ्यावर तुमचा सत्कार ठेवलाय, शाल-श्रीफळ." आता माथ्यावर कुणी सत्कार ठेवतं का? पण सत्कार म्हटलं की माझं डोकं बंद पडतं आणि मान आपोआप शालीसाठी पुढं होते. बायको म्हणाली, "अहो, गुलमंडीत गाडी लांब लावावी लागली तर तुम्ही महापालिकेवर लेख लिहिता, डोंगर कसला चढता?" मी म्हटलं, "संध्या, तू बघच!" आणि ठोकून दिली बातमी: ‘ज्येष्ठ पत्रकारांनी तरुणांना लाजवेल अशा चपळाईनं माथा गाठला.’ चपळाईनं! माझ्याच हातानं लिहिलं हो!

रविवारी आम्ही दोघं पायथ्याच्या देवळापाशी पोचलो तर सगळ्यांच्या हातात पेपर. गोकुळ म्हणतो, "सर, तुम्ही तर जाऊन आलात की!" त्यात भर द्वारकाबाईंची. निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरीच्या, नऊवारीवर पांढरे बूट. म्हणाल्या, "आता चढावंच लागंल बरं का साहेब, नायतर खुलासा छापा!" हसले सगळे. मी मात्र मुकाट्यानं बुटांच्या नाड्या आवळल्या, कारण बातमी तर छापून आली होती!

आणि सोपी वाट? कुणाला सोपी, शेळीला? पहिल्या टेकाडावर माझ्या तोंडातून चहाच्या किटलीसारखा आवाज यायला लागला. संध्या पुढं, द्वारकाबाईंशी गप्पा हाणत, शेंगदाणे खात! तेवढ्यात गुलमंडीवरून मेहुण्याचा फोन. "दाजी, पेपर वाचला, लई भारी! वर हवा कशी हाय?" मी करवंदीच्या जाळीला धरून उभा, एक पाय दगडावर, दुसरा कुठं आहे ते आठवत नाही... म्हटलं, "गार आहे!" काय करणार, बातमी छापून आली होती ना! मग वर्गमित्राचा फोन, मग शेजाऱ्यांचा, मग साडूचा, आणि मी प्रत्येक फोन मनापासून लांबवला, कारण बोलताना थांबता येतं. शेवटी गोकुळ म्हणाला, "सर, तुम्ही निवांत बोला. आम्ही वरून पलीकडच्या वाटेनं उतरतो, तुम्ही इथूनच मागं फिरा. पिठलं-भाकरी देवळातच आहे."

फिरलो मी मागं. खरंच फिरलो! पण डोळ्यांपुढं ती चौकट आली... ‘खुलासा’, खाली ‘अनवधानाने’, आणि पेपर हातात घेऊन खदाखदा हसणारे तहसीलदार. मग काय, वळलो, आणि जे चढलो... चढलो कसला, रांगलो! चष्मा घामानं आंधळा, विजारीला काटे, तोंडात माती. पण पोचलो! वर बघतो तर माणूस नाही. फुटका नारळ आणि चार शेळ्या. फोटो काढावा तर अभिनंदनाच्या फोनांनी मोबाइल मेलेला. त्यातल्या एका शेळीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी जन्मभर सरपंचांकडं बघत आलोय.

लंगडत खाली आलो. द्वारकाबाईंच्या खांद्यावर माझी शाल! संध्या म्हणाली, "अहो, होतात कुठं?"

"माथ्यावर!"

नुसता हशा.

"फोटू?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"मोबाइल बंद पडला."

"मग कुणी बघितलं?"

"शेळ्यांनी!"

गोकुळ बिचारा भला माणूस, माझ्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणतो, "राहू द्या सर. छापून आलंय म्हणजे तुम्ही गेलातच. आम्ही कुठं बोलणार नाय." अहो पण मी खरंच गेलो होतो! गेलो नव्हतो तेव्हा अख्खं गाव अभिनंदन करत होतं, गेलो तर घरचं माणूसही विश्वास ठेवीना! बातमी तर छापून आली होती!

मी चिडलो, संध्याचा मोबाइल घेतला आणि आमच्या उपसंपादक विशाखाला फोन लावला. "लिहून घे! ज्येष्ठ पत्रकारांनी आज माथा गाठला. चपळाई काढ. रांगत म्हण, पण छाप!"

तिकडून शांतपणे, "सर, ती आजच लागलीय की. शिळी झाली. एकदा लागलेली बातमी पुन्हा छापायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

...शिकवलं होतं हो.

म्हटलं, द्वारकाबाई, पिठलं वाढा.